एवढा मोठा मुलगा बाबागाडीत?

आमच्या लहानपणी घरात मुलासाठी एकच गाडी असायची, ती म्हणजे पांगुळगाडा. लाकडाचा, तीन चाकांचा, चालताना कुरकुरणारा. मूल त्याला धरून उभं राहायचं, ढकलत ढकलत पाऊल टाकायला शिकायचं, आणि वर्षभरात तो गाडा माळ्यावर जायचा, पुढच्या भावंडासाठी. म्हणजे आमच्याकडे गाडी मूल ढकलायचं. मुलाला गाडीत बसवायचं आणि मोठ्या माणसाने ती ढकलायची, हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत जायला लागल्यावर, गावातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यासमोर. काळी, उंच चाकांची, वर टप असलेली बाबागाडी. ती बघायला आम्ही पोरं कुंपणापाशी उभी राहायचो.

हे सगळं आठवायचं कारण असं, की २०२३ च्या नोव्हेंबरात मी मुलीकडे अमेरिकेत गेले होते. नातवाला सुट्टी होती. तेवढ्यात सगळ्यांनी मिळून फ्लोरिडाला, ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं. नातू तेव्हा साडेसात वर्षांचा. चांगला धडधाकट, शाळेत फुटबॉल खेळणारा. आणि मॅजिक किंगडमच्या दारातून आत शिरल्याबरोबर जावईबापूंनी काय केलं असेल, तर एक गाडी भाड्याने घेतली आणि पोराला म्हणाले, "बस."

मी उभीच राहिले. पस्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई मी. सहलीला साठ-साठ पोरं रांगेत चालवलेली. "अगं, हा काय तान्हा आहे का? दुसरीतला मुलगा! आपल्याकडे या वयाची पोरं डोक्यावर कळशी घेऊन येतात," मी मुलीला म्हटलं. ती हसली. "आई, संध्याकाळी बोलू आपण," एवढंच म्हणाली.

आता हेही सांगते, की दुपारी दोनपर्यंत माझेच पाय बोलायला लागले होते. गाडीतळापासून निघालो, मग फेरीबोटीने तळं ओलांडलं, मग दार, मग तपासणी, आणि त्यानंतर खरी सुरुवात. जावयांच्या फोनमध्ये पावलं मोजायची सोय आहे. रात्री हॉटेलवर परतलो तेव्हा त्यात एकोणीस हजारांच्या वर आकडा होता. नातू मात्र दुपारी तासभर त्या गाडीत मान टाकून झोपला आणि रात्रीची आतषबाजी टाळ्या वाजवत बघितली. मुलगी काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही.

पण खरी गोष्ट त्याच्या आधी, दुपारीच घडली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं बरोबर नाही.

आम्ही एका रांगेत होतो. आमच्या पुढे एक मोठी गाडी होती आणि तिच्यात दहा-अकरा वर्षांचा मुलगा. पाय गाडीबाहेर लोंबत होते. ढकलणारी बाई पाठमोरी, डोक्यावर टोपी. परदेशात आपल्या लोकांना एक वाईट खोड लागते, आपली भाषा कुणाला कळत नाही अशा भरवशावर वाटेल ते मोठ्याने बोलायची. मी मुलीला म्हटलं, "हा बघ, हा बघ. आपल्या शाळेत असता तर पाचवी-सहावीत असता. नुसता घोडा झालाय आणि बसलाय बाबागाडीत! कमाल आहे या आयांची."

ती बाई वळली. रागावलेली अजिबात नव्हती, थकलेली होती. म्हणाली, "काकू, त्याचे स्नायू लवकर दमतात. घरात चालतो तो, वर्गातही चालतो. इथे नाही जमत. व्हीलचेअर आणली की बसत नाही, म्हणतो सगळे बघतात. गाडीत बसतो." आणि गाडीच्या दांड्याला बांधलेली एक लाल चिठ्ठी मला दाखवली.

मी काय बोलणार! "चुकलं माझं," एवढं कसंबसं म्हटलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी येत होतं की नाही, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. आजही वाटतं, येत नसावं. येत नसलं तर बरं.

इतिहासाच्या शिक्षकाला एक सवय असते. कुठलीही गोष्ट मनात टोचली की ती कुठून सुरू झाली ते शोधत बसायचं. परत आल्यावर दोन-तीन महिने मी तेच केलं. म्हटलं, ही मोठ्या मुलांची गाडी आली तरी कुठून?

बाबागाडीची गोष्ट इंग्लंडमध्ये साधारण १७३३ पासून सांगतात. विल्यम केंट हे तिथले नामांकित वास्तुरचनाकार आणि उद्यानरचनाकार. डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी त्यांनी एक छोटी गाडी करून दिली. बैठक शिंपल्याच्या आकाराची, आणि ओढायला बकरा किंवा लहानसं तट्टू. लक्षात घ्या, ही गाडी तान्ह्या मुलासाठी नव्हती. बसता येणाऱ्या, हसता-बोलता येणाऱ्या मुलांना बागेतून फिरवायची ती गाडी होती. म्हणजे मोठ्या मुलाने गाडीत बसणं हे आजच्या लाडावलेल्या पिढीचं खूळ आहे, हा माझा समज पहिल्याच पानावर खोटा ठरला. फरक इतकाच, की तेव्हा ते सरदारांच्या मुलांना शोभायचं.

एकोणिसाव्या शतकात बकरा गेला आणि ढकलायचा दांडा आला. बागेत दाया बाबागाड्या ढकलताहेत हे दृश्य युरोप-अमेरिकेत रुळलं. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने एका सुधारणेचं पेटंट घेतलं. मुलाची बैठक फिरवता येऊ लागली, म्हणजे बाळाचं तोंड हवं तर जगाकडे, हवं तर आईकडे. कल्पना किती साधी, पण आईच्या मनातली.

तरीही गाडी जडच होती. ती हलकी केली ओवेन मॅक्लारेन या इंग्रज गृहस्थांनी. हे विमानांचे अभियंता. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर त्यांची मुलगी नातवंडाला घेऊन परदेशातून आली, आणि ती अवजड गाडी उचलता-ठेवताना सगळ्यांची कशी दमछाक होते ते त्यांनी पाहिलं. विमानाची चाकं पोटात दुमडून घ्यायची विद्या माहीतच होती. १९६५ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार करून पेटंटसाठी अर्ज केला. वजन तीन किलोहूनही कमी. एका हाताने मिटवायची आणि बसमध्ये चढायचं. आजच्या सगळ्या घडीच्या गाड्यांवर त्या गाडीची छाप आहे. मला त्यात आवडलं ते हे, की या शोधाच्या मुळाशी एक आजोबा आहेत. नातवंडाच्या गाडीला नावं ठेवण्याऐवजी त्यांनी ती सुधारली.

हा झाला गाडीचा इतिहास. पण प्रश्न अर्धाच सुटला. रस्त्यावर, बाजारात अमेरिकेतही साडेसात वर्षांचं मूल गाडीत दिसत नाही. ते दिसतं या करमणुकीच्या नगरीतच. मग त्या जागेतच काहीतरी असलं पाहिजे.

त्यासाठी थोडं मागे, जुन्या महाप्रदर्शनांकडे जावं लागतं. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं. सहा महिन्यांत जवळजवळ एक कोटी भेटी. एवढं मोठं आवार पायी बघणं अशक्य, म्हणून तिथे चाकांच्या खुर्च्या भाड्याने मिळत आणि मागून ढकलायला माणूस मिळे. त्यात बसत कोण? आजारी आणि म्हातारी माणसं तर बसतच, पण चांगले धट्टेकट्टे स्त्री-पुरुषही बसत. पुढे अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर अशा वेताच्या खुर्चीतून फिरणं ही मोठी ऐटीची गोष्ट झाली.

मग आलं १८९३ चं शिकागोचं प्रदर्शन. आपल्याला ते स्वामी विवेकानंदांमुळे माहीत. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामीजी बोलले, हे मी पस्तीस वर्षं शिकवलं. पण त्या प्रदर्शनाचं आवार सहाशे एकरांहून मोठं होतं, सहा महिन्यांत पावणेतीन कोटींच्या आसपास लोक तिथे येऊन गेले, आणि त्यांच्या पायांचं काय झालं असेल, हा विचार मात्र कधी मनात आला नव्हता. तिथेही चाकांच्या खुर्च्या होत्या, आणि ढकलायला कॉलेजचे विद्यार्थी. त्यात धर्मशास्त्र शिकणारी मुलंही होती. सुट्टीत चार पैसे मिळवायचे आणि प्रदर्शनही बघायचं. तळ्यातल्या धक्क्यावर तर सरकता रस्ता होता, बाकांसकट! १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात असाच सरकता पदपथ कित्येक किलोमीटर लांबीचा केला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मोटारींच्या एका मोठ्या कंपनीने उद्याच्या जगाचा देखावा उभारला, तोही प्रेक्षकांना सरकत्या खुर्च्यांत बसवून दाखवला.

म्हणजे बघा, दीडशे वर्षं माणसाला असल्या अवाढव्य जागा बघायच्या आहेत, आणि दीडशे वर्षं त्याला माहीत आहे की त्या पायांनी बघून होत नाहीत. मोठी माणसं खुर्चीत बसली तेव्हा कुणी त्यांना "घोडे झालात तरी" असं म्हटल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

आणि मुलं? शिकागोला मुलांसाठी एक वेगळी इमारतच होती. तिच्यात पाळणाघर होतं. आईने मूल तिथे ठेवायचं आणि मोकळेपणी प्रदर्शन बघायचं. प्रदर्शन मुख्यतः मोठ्यांचं होतं, मुलाला तिथे दिवसभर बरोबर फिरवायची गरज नव्हती.

ही गोष्ट बदलली डिस्नेमुळे. आता एक योगायोग बघा. त्या १८९३ च्या प्रदर्शनाच्या बांधकामावर जे सुतार होते, त्यांत एक होते एलियास डिस्ने. त्यांचा मुलगा वॉल्ट १९०१ मध्ये शिकागोतच जन्मला. पुढे वॉल्ट डिस्ने सांगत, की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोन मुली फिरत्या घोड्यांवर बसलेल्या असताना आपण बाकावर शेंगदाणे खात बसायचो, आणि मनात यायचं, आईबापांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी जागा का नसावी? त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. १९६६ मध्ये वॉल्ट वारले. त्यांच्या मागे १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड सुरू झालं. एकट्या मॅजिक किंगडमचं आवार शंभर एकरांच्या वर. १९८२ मध्ये एप्कॉट सुरू झालं, ते त्याच्या जवळजवळ तिप्पट. तिथे तळ्याभोवती निरनिराळ्या देशांचे मंडप आहेत. नुसती एक चक्कर मारायची तर दोन किलोमीटर होतात. एप्कॉट या नावाचीही लोकांनी थट्टा केली आहे, 'एव्हरी पर्सन कम्स आउट टायर्ड', म्हणजे जो तो दमूनच बाहेर पडतो!

आता सगळा हिशेब एकत्र मांडू. शिकागोत मूल पाळणाघरात राहायचं. डिस्नेच्या कल्पनेत मूल आईबापांबरोबर, सकाळी दार उघडल्यापासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत. आत मोटारी नाहीत. तिकीट इतकं महाग, की अर्ध्या दिवसात परत फिरायला जीव धजत नाही. आणि येणारी मुलं अशा देशातली, जिथे शाळा, दुकान, मित्राचं घर, सगळीकडे मोटारीनेच जायचं. ज्या देशाने मुलांचं चालणं कमी केलं, त्याच देशाने त्यांच्यासाठी चालायची एवढी मोठी नगरी बांधली. या दोन्हींच्या मधली फट त्या गाडीने बुजवली आहे. पोराच्या आळसाचा त्यात भाग असेल, पण थोडाच.

गाड्यांची गर्दी मात्र अफाट झाली. प्रत्येक खेळाबाहेर गाड्यांचा तळच असतो. तिथले कर्मचारी त्या सारख्या नीट लावत असतात, त्यामुळे आपण ठेवली तिथे आपली गाडी सापडत नाही. लोक ओळखीसाठी रिबिनी बांधतात, फुगे बांधतात. आमच्या गाडीला मी माझा रुमाल बांधला होता. शेवटी १ मे २०१९ पासून नियम आला, की गाडी ३१ इंचांहून रुंद आणि ५२ इंचांहून लांब नको, आणि ओढायचे छोटे गाडे तर मुळीच नकोत. पण आत बसणाऱ्याच्या वयाची अट मात्र घातली नाही. त्यांच्या भाड्याच्या एकेरी गाडीला वजनाची शिफारस आहे, ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलो. ते वजन सहा-सात वर्षांच्या मुलाचं होतं. म्हणजे गाडी देणाऱ्यांनीही मोठं मूल धरूनच ती केली आहे.

मोठं म्हणजे तरी किती मोठं? हे आपण आपल्या सोयीने ठरवतो. डिस्नेच्या तिकिटात तीन ते नऊ वर्षांचं ते मूल, दहाव्या वर्षापासून ते मोठं माणूस. आपल्या एस.टी.त पाच ते बारा अर्धं तिकीट. कंडक्टर आला की सहा वर्षांचं पोर आईच्या मांडीवर चढून साडेचार वर्षांचं व्हायचं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एस.टी.चा प्रवास केलाच नाही! तिकीट काढताना मूल लहान, आणि चालताना "एवढा घोडा झालास." असो.

आणि त्या लाल चिठ्ठीचं काय? ती चिठ्ठी म्हणजे या गाडीला व्हीलचेअर समजा, असा कर्मचाऱ्यांना निरोप. एरवी गाडी रांगेबाहेर ठेवावी लागते. चिठ्ठी असली की व्हीलचेअर जिथपर्यंत जाते तिथपर्यंत ती गाडी जाऊ देतात. अमेरिकेत १९९० मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा मोठा कायदा झाला, तेव्हापासून लोकांसाठी उघडलेल्या जागा त्यांनाही वापरता आल्या पाहिजेत हे बंधन आलं. आपल्याकडे असा कायदा १९९५ मध्ये झाला आणि त्याच्या जागी नवा, अधिक व्यापक कायदा २०१६ मध्ये आला. काही मुलांचे पाय धड असतात, पण गर्दी आणि आवाज सोसत नाही. त्यांना ती गाडी म्हणजे स्वतःची छोटी खोलीच. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. दिसतात ते फक्त लोंबणारे पाय.

"आम्ही नाही का मैलोन्मैल चालायचो!" हे वाक्य माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. माझ्याही होतं. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाने आठवणीलाही पुरावा मागावा. मी शाळेत तीन किलोमीटर चालत जायची हे खरं. पण तिथे पोचल्यावर पाच तास बसायचे होते. जत्रेला आम्ही बैलगाडीतून जायचो, चालत नव्हे. आणि जत्रेत धाकटा भाऊ वडिलांच्या खांद्यावर असायचा. छबिना निघाला की निम्मी जत्रा निम्म्या जत्रेच्या खांद्यावर असते. त्याला कुणी आळस म्हणत नाही, कारण खांद्यावर घेतल्याशिवाय पोराला पालखी दिसणारच नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि पालखीत बसतो कोण? देव, संतांच्या पादुका, राजे. आपल्याकडे उचलून नेलं जाणं हा मान होता. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे माणसाने ओढायच्या रिक्षा पिढ्यान्पिढ्या चालल्या आणि आपण धडधाकट माणसं त्यात बसलो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला, तेव्हा कुठे ओढणाऱ्याचा विचार झाला. मुलाच्या गाडीत तेवढा एक प्रश्न तरी नाही. ढकलणारे त्याचेच आईबाप असतात.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. इतका वेळ ते टाळत होते.

१९८६ च्या डिसेंबरात मी आठवीची सहल रायगडला नेली होती. तेव्हा रोपवे नव्हता, तो १९९६ मध्ये झाला. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या चढायच्या. वर्गात एक मुलगा होता, लहानपणी पोलिओ झालेला. एक पाय बारीक, गुडघ्यावर हात दाबून चालायचा. वर्गात शिवकालाचा अभ्यास त्याच्याइतका कुणाचा नव्हता. ६ जून १६७४ म्हटलं की तो राज्याभिषेकाचं वर्णन सुरू करायचा, थांबायचा नाही.

पायथ्याशी डोलीवाले उभे होते. त्यांतले एक बाबा पुढे येऊन म्हणाले, "बाई, पोराला वर नेतो की." पैसे फार नव्हते. सहलीच्या शिलकीतून निघाले असते, नाहीतर मी घातले असते. पण मी नको म्हटलं. मला वाटलं, आठवीतला मुलगा, डोलीत बसवला तर बाकीची पोरं हसतील. आणखी एक वाटलं, तेही कबूल करते. वाटलं, याला बसवलं तर दमलेली आणखी चार पोरं डोली मागतील. शिस्त मोडेल. मी त्याला विचारलं नाही. शिपाई आमच्याबरोबर वर येणार होता, म्हणून मुलाला पाचाडला एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ ठेवलं आणि म्हटलं, "तू जिजाऊंची समाधी नीट बघून ठेव हं, मला माहिती सांगायची आहे."

संध्याकाळी आम्ही उतरलो. सगळी पोरं टकमक टोकाच्या गप्पा मारत होती. तो मला म्हणाला, "बाई, बाजारपेठ खरंच घोड्यावरून खरेदी करता येईल एवढी उंच आहे का?" मी म्हटलं, "आहे." आणि गाडीत चढून हजेरी घ्यायला लागले.

ऑरलँडोच्या रांगेत त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला हा मुलगा आठवला. सदतीस वर्षांनी.

परत आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲपवरून त्याचा नंबर मिळवला. आठ दिवस नुसता जवळ ठेवला. मग एका सकाळी फोन केला. तो आता पन्नाशीचा, बँकेत आहे. "बाई, तुम्ही!" म्हणून इतका हरखला, की मला बोलणं जड गेलं. मी रायगडचं काढलं. म्हणाला, "हो बाई, आठवतंय ना. ड्रायव्हरकाकांनी मला गरम भजी घेऊन दिली होती." मग सांगितलं, रोपवे झाल्यावर तो वर जाऊन आला. पुढे मुलीलाही दाखवून आणला. बाजारपेठही पाहिली.

मी म्हटलं, "मी तेव्हा तुला डोलीत बसवायला हवं होतं. पोरं हसतील असं वाटलं मला."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हसली असती बाई. पण तुम्ही विचारलं असतं तर मी बसलो असतो."

या वाक्यात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

१३ जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात पोलिओचा नवा रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मोठी गोष्ट झाली. पण चालता न येणारी, लवकर दमणारी मुलं प्रत्येक वर्गात, प्रत्येक सहलीत असणारच. ती दरवेळी सांगतीलच असं नाही. त्या मुलाच्या आईला अनोळखी बाईला सगळं समजावून सांगावं लागलं, ते माझ्यामुळे. तिने तरी दिवसातून कितीदा सांगायचं?

माझ्याकडे आता सहली नाहीत. पण तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, किंवा नातवंडांना घेऊन कुठे जाणार असाल, तर एवढंच म्हणेन. मूल गाडीत बसायला मोठं आहे की नाही ते आपण ठरवण्याआधी त्याला एकदा विचारावं. आणि दुसऱ्याच्या मुलाकडे बघून बोलायचं असेल, तर आपली भाषा सगळ्यांना येते असं समजून बोलावं.

नातू आता मोठा झाला आहे. परवा फोनवर विचारत होता, "आजी, तू परत आलीस की तुझ्यासाठी पण गाडी घेऊ या का?" मी म्हटलं, "घे बाबा. मी बसेन."